गावच्या टपालाला कायद्याची हमी हवी

(कोकणातील युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'टपाल आणि कायदा' असा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की शिक्षण, रोजगार, घर असे इतके प्रश्न असताना या वकीलबाई पोस्टाबद्दल काय बोलणार? म्हणून आधी दोन प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी किती जणांनी हातानं पत्र लिहून पेटीत टाकलं? दोनच हात. बरं. आता सांगा, आधार, पॅनकार्ड, पासपोर्ट, एटीएम कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेची नाहीतर कोर्टाची नोटीस यांपैकी एक तरी गोष्ट पोस्टानं कुणाच्या घरी आली? सगळेच हात वर आहेत.

म्हणजे आपण पत्रं लिहायची थांबलो, पण सरकार, बँक आणि कोर्ट आपल्याला लिहायचे थांबलेले नाहीत. आणि ते जे लिहितात, ते वेळेवर हातात पडलं नाही तर आपलं नुकसान होतं, त्यांचं होत नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे, की गावातल्या शेवटच्या घरापर्यंत टपाल पोहोचवायचं बंधन भारतातल्या कुठल्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. ते लिहून घ्यायला हवं.

सगळ्यांना टपाल म्हणजे काय?

'सार्वत्रिक टपाल सेवा' हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. प्रत्येक पत्त्यावर टपाल पोहोचेल, ठरलेल्या दिवशी पोहोचेल, आणि दर सगळ्यांना परवडणारा, शक्यतो सारखाच असेल. मुंबईतल्या मुंबईत टाकलेल्या पोस्टकार्डाला पन्नास पैसे आणि मंडणगडच्या वाडीवर जाणाऱ्या पोस्टकार्डालाही पन्नासच पैसे.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १८५४ च्या कायद्यानं अंतर कितीही असो, पत्राला वजनाप्रमाणे एकच दर ठरला. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. हे सगळं इंग्रजांनी आपल्या राज्यकारभाराच्या सोयीसाठी केलं, यात शंका नाही. पण त्याचा उपयोग आपल्या माणसांनी करून घेतला. कोकणाचंच बघा. इथली माणसं गिरणीत, गोदीत, बोटीवर खलाशी म्हणून गेली आणि मागे राहिलेली घरं मनीऑर्डरवर चालली. हिंदू-मुसलमान दोन्ही मोहल्ल्यांत पोस्टमनची वाट सारखीच बघितली जायची.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे २३ हजार पोस्ट ऑफिसं होती. आज ती १ लाख ६४ हजारांच्या वर आहेत आणि त्यांतली जवळजवळ नव्वद टक्के खेड्यांत आहेत. स्वतंत्र भारतानं जाणूनबुजून केलेलं हे काम आहे. त्यात एका मराठी माणसाचाही मोठा हात आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. ते संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातले अधिकारी होते. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, पत्ते लिहायच्या हजार तऱ्हा, यातून पत्राला वाट काढून देणारे हे सहा आकडे. पत्ता उर्दूत लिहा की मराठीत, आकडे बरोबर असले की पत्र निदान योग्य पोस्टात तरी जातं.

पण खेड्यात पोस्ट कुठे उघडायचं, हे ठरतं कसं? खात्याचे निकष आहेत. सर्वसाधारण भागात गावांच्या समूहाची लोकसंख्या ३ हजार हवी, जवळचं पोस्ट निदान ३ किलोमीटर लांब हवं आणि खर्चाच्या ३३.३३ टक्के तरी उत्पन्न मिळण्याची शक्यता हवी. डोंगराळ, आदिवासी आणि मागास भागात उत्पन्नाची अट १५ टक्क्यांची आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रुपया खर्च करून पंधरा पैसे परत आले तरी चालतील, असं सरकारनंच मान्य केलं आहे. रस्ता किंवा शाळा नफ्यासाठी नसते, तसंच गावचं पोस्ट. धोरण चांगलं आहे. अडचण अशी, की हे निकष प्रशासकीय आहेत. संसदेनं केलेल्या कायद्यात ते नाहीत. जे परिपत्रकानं दिलं जातं, ते दुसऱ्या परिपत्रकानं काढूनही घेता येतं.

एकाच दिवशी मंजुरी मिळालेले दोन कायदे

१८९८ चा भारतीय टपाल कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी 'पोस्ट ऑफिस कायदा, २०२३' आला. राज्यसभेनं तो ४ डिसेंबर २०२३ ला आणि लोकसभेनं १८ डिसेंबरला मंजूर केला. त्या एका दिवसात दोन्ही सभागृहांतले मिळून ७८ विरोधी खासदार निलंबित झाले होते. म्हणजे किती चर्चा झाली असेल, ते तुम्हीच समजा. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १८ जून २०२४ पासून कायदा लागू झाला.

मी वकील आहे, म्हणून तुम्हाला कायद्याची कलमंच वाचायला सांगते. कायदा लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. कलम ३ म्हणतं, की केंद्र सरकार नियमांनी ठरवेल त्या सेवा पोस्ट ऑफिस देईल. कोणत्या सेवा, कुठपर्यंत, आठवड्यातून किती दिवस, याबद्दल एक अक्षर नाही. कलम ९ मात्र अगदी स्पष्ट आहे. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी टपाल अडवायचा, उघडायचा अधिकार सरकारला आहे. कलम १० सांगतं, की नियमांत ठरवली असेल त्यापलीकडे पोस्टावर कुठलीही जबाबदारी येणार नाही. अधिकाऱ्यानं लबाडी केली किंवा मुद्दाम नुकसान केलं, तरच तो जबाबदार.

थोडक्यात, तुमचं पत्र अडवायचा अधिकार कायद्यात आहे. ते पोहोचवायचं कर्तव्य त्यात नाही.

टपाल अडवायच्या अधिकारावर आपल्या देशात पूर्वीही वाद झालेला आहे. १९८६ मध्ये संसदेनं असंच दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नव्हती. पोहोचवायच्या कर्तव्यावर मात्र इतका जोरदार वाद कधी झालाच नाही, आणि हीच आपली उणीव आहे.

कुणी म्हणेल, जुन्या कायद्यात तरी हे कर्तव्य कुठे होतं? बरोबर, तिथंही नव्हतं. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक, पत्रं वाहून नेण्याची मक्तेदारी सरकारकडे होती. त्यामुळे शहरातल्या कमाईतून खेड्यातला तोटा भरून काढण्याला कायद्याचा आधार होता. कुरियर कंपन्यांनी ती मक्तेदारी व्यवहारात कधीच मोडली होती, हे मान्य. दोन, पोस्टकार्ड-पाकिटाच्या दराची कमाल मर्यादा कायद्याच्या परिशिष्टात होती. ती वाढवायची तर संसदेत यावं लागे. नव्या कायद्यात ती मक्तेदारी गेली आणि दर ठरवायचं काम टपाल खात्याच्या महासंचालकांकडे गेलं. खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, पण त्या बदल्यात खेड्याची जबाबदारी कुणावर, हे ठरलं नाही.

याच २४ डिसेंबर २०२३ ला आणखी एका कायद्याला मंजुरी मिळाली, दूरसंचार कायद्याला. एकाचा क्रमांक ४३, दुसऱ्याचा ४४. दूरसंचार कायद्यात मात्र खेड्याची आठवण ठेवलेली आहे. टेलिफोनसाठी २००३ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून सार्वत्रिक सेवेचा निधी उभारला गेला. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून त्यासाठी ठरावीक हिस्सा घेतला जातो आणि तो जिथे धंदा परवडत नाही त्या भागातल्या सेवेवर खर्च करायचा असतो. नव्या कायद्यात त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. निधीचा पैसा नीट खर्च होतो का, हा वेगळा वाद आहे. पण खेड्यात मोबाइलचा टॉवर उभा करणं ही सगळ्या धंद्याची मिळून जबाबदारी आहे, हे कायद्यानं मानलं. मग पत्र, पार्सल आणि पेन्शन घेऊन दारात येणाऱ्या माणसाबाबत तसंच का मानू नये?

पत्र आलं नाही म्हणजे काय होतं?

आता माझ्या रोजच्या कामातलं सांगते. मी तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं वकिली करते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ सांगतं, की बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली, की ती पोहोचली असं धरून चाला. उलटं सिद्ध करायचं तर ते ज्याला मिळाली नाही त्याच्या अंगावर. कायद्याचा हा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. पोस्ट पोहोचतंच, हे ते गृहीत.

माझ्याकडे खाडीपलीकडच्या गावातल्या एक विधवा बाई आल्या होत्या. जमिनीच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झालेला. नोटिशीच्या पाकिटावर शेरा होता 'घर बंद'. बाई म्हणाल्या, "वकीलबाई, मी घर बंद करून जाणार कुठे? माझ्या म्हशीला पाणी कोण घालेल?" तो हुकूम फिरवून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली. बाईंच्या गावाचं टपाल त्या काळात दुसऱ्या गावच्या डाकसेवकाकडे जोडलेलं होतं. त्याच्याकडे आधीच तीन गावं. मी त्या माणसाला दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत एका माणसाकडे चार गावं येतात आणि त्याबद्दल कुणी जाब विचारू शकत नाही, त्या व्यवस्थेचा हा दोष आहे.

आपल्या समाजाला हे जास्त लागतं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आपली नावं कागदोकागदी वेगळी लिहिली जातात. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख. कुठे मोहम्मद, कुठे नुसतं मोहं. बाईचं नाव लग्नाआधीचं एक, नंतरचं एक. घराला नंबर नसतो, पत्ता असतो 'मशिदीच्या मागे, मोहल्ला, मु. पो. अमुक'. शहरातून आलेल्या कुरियरच्या मुलाला हा पत्ता सापडत नाही. तो फोन करतो, "तालुक्याला या आणि घेऊन जा." गावच्या डाकसेवकाला मात्र ठाऊक असतं, की हा शेख आणि तो शैख एकच. हे ज्ञान कुठल्याही संगणकात नाही. २०२५ मध्ये सरकारनं 'डिजिपिन' आणला. देशातल्या सुमारे चार मीटर गुणिले चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी खूण. चांगली गोष्ट आहे. पण खुणेला पाय नसतात. तिथपर्यंत माणूसच चालत जावा लागतो.

हा माणूस कोण? ग्रामीण डाकसेवक. देशात ते अडीच लाखांच्या आसपास आहेत. तुमच्यापैकी काहींनी या भरतीचे अर्ज भरले असतील, दहावीच्या गुणांवर निवड होते. २०१८ च्या आदेशाप्रमाणे चार तासांच्या कामाला डाकसेवकाचा मूळ भत्ता १० हजार, शाखा पोस्टमास्तरचा १२ हजार, त्यावर महागाई भत्ता. त्यांना नियमित खातेनिहाय कर्मचारी मानत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये पी. के. राजम्मा खटल्यात ही 'सिव्हिल पोस्ट' आहे असं म्हटलं, म्हणजे त्यांना घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण मिळालं. तरीही पगार-पेन्शनच्या बाबतीत ते नियमित नोकरांच्या बरोबरीला आले नाहीत. सार्वत्रिक सेवेचं ओझं या माणसाच्या खांद्यावर आहे. म्हणून गावच्या टपालाची हमी मागताना त्याच्या हक्काची मागणी वेगळी काढता येत नाही.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप, आता सगळं ऑनलाइन आहे. याचं उत्तर डेन्मार्कमध्ये बघा. जगातल्या सगळ्यात डिजिटल देशांपैकी तो एक. तिथल्या नव्या टपाल कायद्यानं १ जानेवारी २०२४ पासून सार्वत्रिक सेवेचं बंधन काढून टाकलं. दोन वर्षांच्या आत, ३० डिसेंबर २०२५ ला, तिथल्या सरकारी मालकीच्या पोस्टनं शेवटचं पत्र वाटलं. चारशे वर्षांची सेवा संपली. आता पत्रं खासगी कंपनी वाटते. डेन्मार्कला ते कदाचित निभेल. पण बंधन गेलं की सेवा किती लवकर जाते, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे ज्या आजीचं बोट मशीनवर उमटत नाही, ओटीपी ज्या फोनवर येतो तो मुलाबरोबर मुंबईला असतो, तिला 'ऑनलाइन बघा' म्हणणं म्हणजे दार बंद करणं.

दुसरा आक्षेप, तोटा कोण भरणार? आज तो अर्थसंकल्पातून भरला जातोच. माझं म्हणणं, तो उघडपणे भरा. खेड्यातल्या सेवेचा खर्च किती, हे दरवर्षी संसदेसमोर मांडा. आणि टेलिफोनसारखा छोटा हिस्सा मोठ्या कुरियर कंपन्यांकडूनही घ्या, कारण शहरातली मलई त्या खातात.

तिसरा आक्षेप, कायद्यात लिहून काय होतं? बरंच होतं. ब्रिटनमध्ये २०११ च्या कायद्यात लिहिलं आहे, की देशातल्या प्रत्येक घरी आठवड्यातून सहा दिवस, एकाच दरात पत्र पोहोचायला हवं. रॉयल मेल २०१३ मध्ये खासगी झाली, तरी हे बंधन सुटलं नाही. २०२५ मध्ये तिथल्या नियामकानं स्वस्त दराच्या पत्रांसाठी दिवस कमी केले, पण आधी लोकांची मतं मागवावी लागली, कारणं द्यावी लागली. आणि पत्रं वेळेवर न वाटल्याबद्दल त्याच वर्षी कंपनीला २ कोटी १० लाख पौंड दंड झाला. अमेरिकेच्या टपाल कायद्यात १९७० पासून वाक्य आहे, की केवळ तोट्यात चालतं एवढ्यासाठी कुठलंही छोटं पोस्ट ऑफिस बंद करायचं नाही. २०२२ मध्ये त्यांनी आठवड्यातून सहा दिवस वाटपही कायद्यात लिहिलं. तिथंही तक्रारी आहेतच. फरक एवढाच, की तिथला खेडूत कायद्याचं पान दाखवू शकतो.

आपल्याकडे काय होतं? १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा म्हणून बंद करून स्पीड पोस्टात मिसळायचं ठरलं. ते खात्याच्या आदेशानं झालं. नोंदणीची सोय जादा शुल्क देऊन मिळते, पण स्पीड पोस्टाचा दर स्थानिक वेगळा आणि बाहेरगावचा वेगळा. १८५४ पासून चालत आलेलं 'अंतर कितीही, दर एक' हे तत्त्व नोंदणीच्या पत्रापुरतं सुटलं आणि आपल्याला वर्तमानपत्रातून कळलं. बदल चांगला की वाईट, हा मुद्दा बाजूला ठेवू. एवढा बदल संसदेत चर्चा न होता करता येतो, हे चिंतेचं आहे.

शिवाय हे काही परकं मागणं नाही. जागतिक टपाल संघाचा भारत १८७६ पासून सदस्य आहे. देशाच्या सर्व भागांत, परवडणाऱ्या दरात, कायमची मूलभूत टपाल सेवा लोकांना मिळेल हे सदस्य देशांनी बघायचं, असं त्या संघाच्या करारात आहे. जगासमोर जे मान्य केलं, ते आपल्याच कायद्यात लिहा, एवढंच आपण म्हणतोय.

मागणी काय?

कायद्यात एक नवं कलम हवं. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

१. देशातल्या प्रत्येक वस्तीत, ठरवून दिलेल्या किमान दिवशी, टपाल घरपोच मिळण्याचा नागरिकाला हक्क.

२. साधं पत्र, पोस्टकार्ड आणि नोंदणीचं पत्र यांना देशभर एकच दर, आणि त्याची कमाल मर्यादा संसदेच्या हातात.

३. केवळ तोट्याच्या कारणानं शाखा पोस्ट ऑफिस बंद करायला मनाई. बंद किंवा विलीन करायचं झालं तर आधी ग्रामसभेत सुनावणी.

४. सेवेसाठी वेगळा निधी आणि दरवर्षी जिल्हावार अहवाल: किती पत्रं आली, किती परत गेली, कोणत्या शेऱ्यानं.

५. ही सेवा देणाऱ्या ग्रामीण डाकसेवकांना पेन्शन आणि आरोग्याचं संरक्षण.

आता तुम्ही काय करायचं? दिल्ली लांब आहे, पण सुरुवात गावातून होते. आपल्या गावचं टपाल आठवड्यातून किती दिवस वाटलं जातं, डाकसेवकाची जागा कधीपासून रिकामी आहे, गेल्या वर्षी किती रजिस्टर्ड पाकिटं परत गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पोस्टातच मिळते. मिळालेली माहिती १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा आणि ठराव करा. ठराव आपल्या मोहल्ल्यापुरता करू नका. बौद्धवाडी, कुणबीवाडी, कातकरी वस्ती, सगळ्यांना बरोबर घ्या, कारण पाकीट परत जातं तेव्हा ते धर्म-जात विचारून जात नाही. असे पन्नास ठराव एका जिल्ह्यातून जमले, की ते घेऊन खासदारांना भेटा. संसदेच्या याचिका समितीकडे जाणाऱ्या अर्जावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेता येते. ती मागा. खासगी विधेयक मांडायला सांगा. असं विधेयक मंजूर होणं अवघड, हे मला माहीत आहे, पण ते मांडलं की प्रश्न नोंदीवर येतो.

आणि डाकसेवकाशी बोला. तो तुमचा साक्षीदार आहे. कुठलं घर कधीपासून बंद आहे, कुणाचं पेन्शन कुठे अडकलंय, कुठल्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात तुटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

नागरिकत्व, हक्क, घटना हे शब्द आपण या शिबिरात तीन दिवस ऐकतोय. राज्य आपल्याला नागरिक मानतं की नाही, याची एक साधी कसोटी म्हणजे त्याचा कागद आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो की नाही. आज तो येतो, तो एका डाकसेवकाच्या चिकाटीवर आणि खात्याच्या निकषांवर. उद्याही तो यावा, म्हणून कायद्यात एक कलम हवंय. पहिली ग्रामसभा जवळ आली आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, जाताना प्रत्येकानं एक प्रत घेऊन जा.